बदलता गाभा आणि आभासी यंत्र

आमच्या शाळेनें १९९९ सालीं आपल्या सुवर्णमहोत्सवाची एक स्मरणिका काढली होती. तिची जुळणी त्या वेळच्या विंडोज प्रणालीवर, युनिकोड रूढ होण्यापूर्वीच्या एका देवनागरी टंकांत झाली. त्या फाइली आजच्या संगणकावर उघडल्या तर पडद्यावर मराठी दिसत नाहीं. रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा अर्थहीन गलबला दिसतो. त्या वाचावयाच्या तर ती जुनी प्रणाली, तो जुना टंक आणि तें जुनें जुळणीचें सॉफ्टवेअर, हीं तीनही एके ठिकाणीं असावीं लागतात. तसा संगणक आतां सहसा मिळत नाहीं, आणि मिळाला तरी त्याचा भरंवसा नाहीं. म्हणून माझ्या एका माजी विद्यार्थ्यानें माझ्या घरच्या, लिनक्सवर चालणाऱ्या संगणकांत एक ‘आभासी यंत्र’ सिद्ध करून दिलें. त्यांत ती जुनी विंडोज सुखानें नांदत होती, आणि दिवंगत शिक्षकांचे लेख मी तिच्यांतून एकेक करून नव्या लिपिसंकेतांत उतरवून घेत होतों.

एके दिवशीं सकाळीं संगणक नेहमींच्या सुधारणा उतरवून घेऊन पुन्हां सुरू झाला, आणि आभासी यंत्र उघडेना. ‘कर्नेलचें मॉड्यूल चढलेलें नाहीं’ अशा अर्थाची एक ओळ तेवढी पडद्यावर आली. फाइली जागच्या जागीं होत्या. सॉफ्टवेअर कालचेंच होतें. मीं कशालाही हात लावला नव्हता. मग एका रात्रींत बिघडलें काय? या प्रश्नाचें उत्तर शोधतांना मला जें कळलें तें आज आपणांपुढें मांडावयाचें आहे. यंत्रविद्येचा मी पदवीधर नव्हे. परंतु जी गोष्ट माझ्यासारख्या मॅट्रिक झालेल्या माणसाला समजूं शकते ती आपणां सर्वांस सहज समजेल, असा माझा विश्वास आहे.

प्रथम आभासी यंत्र म्हणजे काय तें पाहूं. खऱ्या संगणकांत प्रोसेसर असतो, स्मृति असते, माहिती साठविणारी तबकडी असते, बाहेरच्या जगाशीं जोडणारी तार असते. हीं सर्व अंगें एका खऱ्या संगणकाच्या पोटांत सॉफ्टवेअरनें उभीं केलीं, तर त्या देखाव्यावर दुसरी एखादी प्रणाली विश्वास ठेवूं शकते आणि आपण स्वतंत्र यंत्रावरच चालत आहों असें समजून काम करूं लागते. ही कल्पना नवी नाहीं. आयबीएम कंपनीनें १९७२ सालींच आपल्या मोठ्या संगणकांसाठीं व्हीएम/३७० ही अशी प्रणाली जाहीर केली होती. घरगुती संगणकावर ही सोय आणण्याचें श्रेय मुख्यतः अमेरिकेंतील व्हीएमवेअर या कंपनीकडे जातें. ती १९९८ सालीं स्थापन झाली व १९९९ सालीं तिचें वर्कस्टेशन हें सॉफ्टवेअर बाजारांत आलें. पुढें २००७ सालीं व्हर्चुअलबॉक्स हें सॉफ्टवेअर मुक्त संहितेसह प्रसिद्ध झालें; तें आज ओरॅकल कंपनीच्या हातीं आहे. याच सुमारास प्रोसेसर बनविणाऱ्यांनींही या कामीं हात दिला. इंटेलनें २००५ सालीं आणि एएमडीनें २००६ सालीं आपल्या प्रोसेसरांत आभासी यंत्रांसाठीं खास सोय ठेवली.

आतां दुसरी संज्ञा, कर्नेल. कर्नेल म्हणजे गाभा. संगणकावर एकाच वेळीं अनेक कामें चाललेलीं असतात. कोणाला किती स्मृति द्यावी, प्रोसेसर कोणाच्या हातीं किती क्षण राहावा, तबकडीवर कोणीं कोठें लिहावें, हें सर्व ठरविणारा कारभारी म्हणजे कर्नेल. लिनस टोर्वाल्ड्स यांनीं १९९१ सालीं फिनलंडमध्यें विद्यार्थी असतांना लिहावयास घेतलेलें लिनक्स हें असेंच एक कर्नेल आहे. तें आज हजारों लोकांच्या श्रमानें वाढत आहे. प्रोसेसर स्वतःच दोन पायऱ्या पाळतो. सामान्य सॉफ्टवेअरला तो मर्यादित अधिकार देतो, आणि गाभ्याला सर्वाधिकार. सामान्य सॉफ्टवेअरला कांहीं हवें असल्यास त्यानें गाभ्याकडे मागणी करावयाची, स्वतः हात घालावयाचा नाहीं, असा येथला दंडक आहे.

आभासी यंत्राच्या सॉफ्टवेअरची अडचण नेमकी येथेंच सुरू होते. त्याला दुसऱ्या एका संपूर्ण प्रणालीचें सोंग वठवावयाचें असतें. त्यासाठीं प्रोसेसरला त्या खास अवस्थेंत न्यावें लागतें, स्मृतीचीं पृष्ठें जागच्या जागीं रोखून धरावीं लागतात, आणि जाळ्यावरून येणारे संदेश मध्येंच वळवून आंतल्या यंत्राकडे पोंचवावे लागतात. हीं कामें मर्यादित अधिकारांत होण्यासारखीं नाहींत. म्हणून असें सॉफ्टवेअर आपला एक प्रतिनिधि गाभ्याच्या आंत पाठवितें. या प्रतिनिधीला मॉड्यूल म्हणतात. व्हीएमवेअरचे असे दोन प्रतिनिधि आहेत, व्हीएममॉन आणि व्हीएमनेट. व्हर्चुअलबॉक्सचा मुख्य प्रतिनिधि व्हीबॉक्सड्रव्ह. वापरणाराच्या संगणकावर जें कर्नेल असेल त्याला अनुरूप होतील अशा रीतीनें हीं मॉड्यूलें मूळ संहितेवरून तेथल्या तेथेंच तयार केलीं जातात. माझ्या घरीं त्या सकाळीं जें चढलें नाहीं तें असलेंच एक मॉड्यूल. सॉफ्टवेअरचें नांव सांगण्याचें कारण नाहीं, कारण पुढें दिसेल त्याप्रमाणें दोष त्याला एकट्याला देतां येत नाहीं.

श्रोतेहो, एखाद्या जुन्या वाड्याचें चित्र डोळ्यांपुढें आणा. वाड्याला रस्त्याकडे एक दिंडीदरवाजा आहे, आणि आंत माजघर, कोठ्या, स्वयंपाकघर आहे. मालकानें गांवाला एक वचन दिलें आहे: दिंडीदरवाजा आहे तेथेंच राहील, येणाऱ्याजाणाऱ्याची वाट कधीं मोडणार नाहीं. आंतल्या भिंतींविषयीं मात्र त्यानें कोणालाच वचन दिलेलें नाहीं. त्याला वाटेल तेव्हां तो भिंत पाडील, कोठी हलवील, जिना फिरवील. आणि हें करतांना घरांतल्या माणसांची गैरसोय होऊं नये म्हणून त्यांचें सामानही स्वतः हलवून देईल. लिनक्सचा व्यवहार अगदीं असा आहे. सामान्य सॉफ्टवेअरनें गाभ्याकडे मागणी करण्याची जी बाहेरची रीत, ती मोडावयाची नाहीं, याविषयीं टोर्वाल्ड्स यांचा कटाक्ष प्रसिद्ध आहे. वीस वर्षांपूर्वीं तयार केलेलें साधें सॉफ्टवेअर आजच्या कर्नेलवरही बहुधा चालतें, तें यामुळेंच. परंतु गाभ्याच्या आंतील एका भागानें दुसऱ्या भागाशीं बोलण्याची जी रीत, तिला असलें अभय नाहीं.

हा हट्ट नव्हे. यामागें विचार आहे. लिनक्सचे एक प्रमुख सांभाळकर्ते ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनीं या धोरणाचें समर्थन करणारें एक टिपण लिहिलें असून तें कर्नेलच्या स्वतःच्या कागदपत्रांतच ठेवलेलें आहे. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें: आंतली रीत कायमची गोठवली तर तिच्यांतील चुकाही कायमच्या गोठतात. एखाद्या सेवेंत सुरक्षिततेचें छिद्र सांपडलें, तर जुनी रीत तशीच जिवंत ठेवून शेजारीं नवी उभी करावी लागेल, आणि छिद्र उघडेंच राहील. यूएसबी उपकरणांशीं बोलण्याची आंतली व्यवस्था निदान तीन वेळां नव्यानें घडवावी लागली, हें उदाहरण ते देतात. जो कोणी आंतली रीत बदलील त्यानेंच कर्नेलच्या भांडारांतील, ती रीत वापरणारीं सर्व ठिकाणें दुरुस्त करून द्यावीं, असा शिरस्ता आहे. म्हणून आंत राहणाराला बदल जाणवतही नाहीं. पण जो बाहेरचा असून ज्यानें आंतल्या भिंतीला खुंटी ठोकली आहे, त्याची गणना या शिरस्त्यांत नाहीं. भिंत हलली कीं त्याची खुंटी उपटली जाते. आभासी यंत्राचीं बाहेरून येणारीं मॉड्यूलें म्हणजे असल्या खुंट्या होत.

पूर्वीं हा त्रास थोडा कमी होता. त्या वेळीं कर्नेलच्या सम क्रमांकाच्या मालिका स्थिर आणि विषम क्रमांकाच्या प्रयोगाच्या असत. मोठे बदल प्रयोगाच्या मालिकेंत होत. डिसेंबर २००३ मध्यें २.६ ही मालिका आली आणि त्यानंतर ती विभागणी मागें पडली. आतां सुमारें नऊदहा आठवड्यांनीं एक नवी आवृत्ति निघते. म्हणजे वर्षाकांठीं पांच ते सहा. यांतील कोणत्याही आवृत्तींत कोणती भिंत हलेल हें आधीं ठरलेलें नसतें.

बदल किती परींचे असतात तें पाहिलें म्हणजे सांभाळणाऱ्याच्या कष्टांची कल्पना येते.

पहिला प्रकार केवळ नांवाचा. स्मृतीच्या नकाशावर एका वेळीं एकानेंच लिहावें म्हणून जें कुलूप घालतात, त्याचें नांव बरींच वर्षें ‘एमएमॅप सेम’ होतें. २०२० सालच्या ५.८ आवृत्तींत तें ‘एमएमॅप लॉक’ झालें. वस्तु तीच, पण जुन्या नांवानें हांक मारणाराला कोणी ओ देईना.

दुसरा प्रकार मागणी करण्याच्या पद्धतीचा. बाहेरच्या सॉफ्टवेअरनें दिलेला स्मृतीचा पत्ता योग्य आहे कीं नाहीं हें तपासणारी ‘ॲक्सेस ओके’ नांवाची एक सेवा आहे. तिला पूर्वीं तीन गोष्टी सांगाव्या लागत. २०१९ सालच्या ५.० आवृत्तीपासून पहिली गोष्ट वगळण्यांत आली, दोनच सांगावयाच्या. जो तीन सांगेल त्याचें मॉड्यूल तयारच होणार नाहीं. याहून मासलेवाईक गोष्ट ‘गेट यूजर पेजेस’ या सेवेची. स्मृतीचीं पृष्ठें रोखून धरण्यासाठीं ती लागते; म्हणून आभासी यंत्रांचा तिच्याशीं जवळचा संबंध येतो. २०१६ या एकाच सालीं तिची मागणीची रीत दोनदां बदलली, ४.६ आवृत्तींत आणि पुन्हां ४.९ मध्यें, पुढें २०२३ सालच्या ६.५ मध्यें आणखी एकदां.

तिसरा प्रकार सबंध कार्यपद्धति बदलण्याचा. अमुक वेळानें अमुक काम कर, असें सांगून ठेवण्याची जी घड्याळाची सोय गाभ्यांत आहे, तिची जुनी मांडणी जानेवारी २०१८ मध्यें निघालेल्या ४.१५ आवृत्तींत काढून टाकून अधिक सुरक्षित मांडणी आणली गेली. येथें नांव बदलून भागत नाहीं. मॉड्यूलांतील तो भाग नव्यानें लिहावा लागतो.

चौथा प्रकार दार बंद होण्याचा. गाभ्यांतील कोणतीही वस्तु नांवावरून शोधून काढण्याची एक वाट बाहेरच्या मॉड्यूलांना खुली होती. तिचा उपयोग करून कित्येक मॉड्यूलें, जीं दारें त्यांच्यासाठीं ठेवलेलीं नव्हतीं त्यांतूनही आंत शिरत. २०२० सालच्या ५.७ आवृत्तींत ती वाट मॉड्यूलांना बंद झाली. यांत अन्याय झाला असें म्हणवत नाहीं. पण जे त्या वाटेनें जात होते त्यांचें काम अडलें हेंही खरें.

पांचवा प्रकार सर्वांत फसवा. कारण त्यांत नांव तेंच, रीत तीच, मॉड्यूलही बिनतक्रार तयार होतें, आणि तरी यंत्र चालत नाहीं. याचें उदाहरण नोव्हेंबर २०२४ मधील ६.१२ आवृत्तीचें आहे. लिनक्समध्यें केव्हीएम नांवाचें आभासी यंत्रांचें स्वतःचें मॉड्यूल आहे. त्याविषयीं पुढें सांगणारच आहें. प्रोसेसरची ती खास सोय एका वेळीं एकालाच ताब्यांत घेतां येते. पूर्वीं केव्हीएम तिचा ताबा आपलें पहिलें आभासी यंत्र सुरू होतांना घेई. ६.१२ पासून तें गाभ्यांत चढतांच ताबा घेऊं लागलें. त्यामुळें व्हर्चुअलबॉक्स उघडावयास गेलेल्या अनेकांना प्रोसेसरची सोय आधींच गुंतलेली आढळली, आणि त्यांचें यंत्र सुरू होईना. केव्हीएमनें चढतांच ताबा घेऊं नये, अशी सूचना कर्नेलला सुरुवातीलाच देणें किंवा केव्हीएमचें मॉड्यूल उतरवून ठेवणें, हा त्यावर तात्पुरता उपाय ठरला. एका बिऱ्हाडकरूनें विहिरीचा रहाट आदल्या रात्रींच धरून ठेवावा आणि दुसऱ्याची घागर रिकामी राहावी, असा हा प्रकार.

या सर्वांस सांभाळणारे लोक तोंड कसें देतात? पहिला मार्ग असा कीं, मॉड्यूलच्या संहितेंत आवृत्तीनुसार फांटे ठेवावयाचे. ‘कर्नेल ५.० पूर्वींचें असेल तर तीन गोष्टी सांग, नंतरचें असेल तर दोन सांग,’ अशा वाक्यांनीं ती संहिता भरून जाते. जाणते कारागीर हे फांटे सर्वत्र विखरूं देत नाहींत; ते एकाच ठिकाणीं गोळा करून ठेवतात, म्हणजे मूळ काम करणारी संहिता स्वच्छ राहते. परंतु येथेंही एक फसगत आहे. रेड हॅटसारखे वितरक आपल्या दीर्घ मुदतीच्या प्रणालींत कर्नेलचा जुना क्रमांक कायम ठेवून नव्या आवृत्तींतील सुधारणा मागें आणून बसवितात. त्यांच्या आठव्या मालिकेंतील कर्नेल क्रमांकानें ४.१८ असलें, तरी त्याच्या आंत पुष्कळ नंतरच्या रीति आढळतात. जन्मतारखेवरून माणसाचें शिक्षण ओळखतां येत नाहीं, तसें क्रमांकावरून कर्नेलचें अंतरंग ओळखतां येत नाहीं. म्हणून अधिक भरंवशाचा मार्ग हा कीं, क्रमांक विचारण्याऐवजीं प्रत्यक्ष परीक्षाच घ्यावी. दोनचार ओळींचा एक नमुना त्या कर्नेलवर तयार करून पाहावा. तो तयार झाला तर ती रीत तेथें आहे. नाहीं झाला तर नाहीं.

दुसरा मार्ग वेळेवर जागें राहण्याचा. नव्या आवृत्तीचे मोठे बदल पहिल्या दोन आठवड्यांत स्वीकारले जातात. त्यानंतर दर आठवड्याला एक उमेदवार आवृत्ति निघते. अशा सातआठ निघाल्या म्हणजे पक्की आवृत्ति येते. जो सांभाळकर्ता या उमेदवारांवर आपलें मॉड्यूल तयार करून पाहतो त्याला दुरुस्तीसाठीं दीड महिना तरी मिळतो. जो पक्क्या आवृत्तीची वाट पाहत बसतो, त्याला बातमी आपल्यासारख्या अडलेल्या लोकांच्या तक्रारींतूनच कळते. व्हीएमवेअरच्या आरंभीच्या काळांत कंपनीची दुरुस्ती येईपर्यंत कित्येकदां वापरणाऱ्यांतील जाणकारांनींच मॉड्यूलांची संहिता सुधारून ती इतरांना फुकट वांटली. या लोकांचीं नांवें कोणत्याही खोक्यावर छापलेलीं नसतात. पण अनेकांचीं अडलेलीं कामें त्यांच्यामुळें सुटलीं.

येथें डीकेएमएस या सोयीचा उल्लेख केला पाहिजे. डेल कंपनीनें २००३ च्या सुमारास ती पुढें आणली. नवें कर्नेल येतांच बाहेरचीं मॉड्यूलें आपोआप पुन्हां तयार करणें, हें तिचें काम. ती असली म्हणजे सर्व चिंता मिटली, असा पुष्कळांचा समज असतो, आणि माझाही तसाच होता. परंतु आचारी पुन्हां रांधील तें हातांतल्या कृतीबरहुकूमच रांधील. कृतींतली चूक तो कसा सुधारणार? संहिता नव्या रीतीला जुळत नसेल तर डीकेएमएस ती पुन्हां करावयास जाते आणि पुन्हां अडते, एवढेंच. माझ्या घरीं त्या रात्रीं घडलें तें हेंच.

मग कायमचा उपाय नाहींच काय? आहे, आणि तो म्हणजे खुंटी ठोकणारानें वाड्यांतच राहावयास जाणें. केव्हीएम हें मॉड्यूल क्युमरानेट या इस्रायली कंपनींत लिहिलें गेलें आणि फेब्रुवारी २००७ मध्यें २.६.२० आवृत्तीबरोबर तें लिनक्सच्या मुख्य भांडारांत दाखल झालें. त्या दिवसापासून आंतली कोणतीही भिंत हलली तरी केव्हीएमचें सामान हलविण्याची जबाबदारी भिंत हलविणाराची झाली. आणि बाहेरच्या बाजूला काय झालें तें पाहा. क्यूईएमयूसारखें जें सॉफ्टवेअर केव्हीएमच्या साहाय्यानें यंत्र उभें करतें, तें आतां दिंडीदरवाजानें बोलतें. आणि त्या दरवाजाला वचनाचें संरक्षण आहे. असें सॉफ्टवेअर केव्हीएमला विचारतें, ‘तुझ्या व्यवहाराच्या रीतीचा क्रमांक कोणता?’ उत्तर येतें, ‘बारा’. २००७ सालच्या २.६.२२ आवृत्तीपासून हें उत्तर बाराच आहे, आणि तें बदलण्याची अपेक्षा नाहीं, असें कर्नेलच्या कागदपत्रांत नमूद आहे. इकडे भिंती हलतच आहेत. तिकडे दाराचा क्रमांक अचल आहे. सर्व विषयाचें मर्म या एका आंकड्यांत सांठलेलें आहे, असें मला वाटतें.

आंतल्या यंत्रांत बसवावयाच्या मॉड्यूलांचाही अनुभव असाच आहे. कारण आभासी यंत्रांत लिनक्स चालवावयाचें असलें तर त्या लिनक्समध्येंही कांहीं मॉड्यूलें लागतात. व्हीएमवेअरच्या आभासी जाळेपट्टीचें मॉड्यूल २००९ सालच्या २.६.३२ आवृत्तींत मुख्य भांडारांत आलें. व्हर्चुअलबॉक्सचें तसलें मॉड्यूल २०१८ सालच्या ४.१६ मध्यें आलें, आणि फाइलींची देवघेव करणारें मॉड्यूल २०२० सालच्या ५.६ मध्यें. हें शेवटचें सहजासहजीं आंत आलें नाहीं. २०१९ च्या अखेरीस तें एकदां घेतलें गेलें आणि योग्य तपासणी न होतां आलें म्हणून लगेच बाहेर काढलें गेलें. रीतसर तपासणी झाल्यावरच त्याला जागा मिळाली.

या प्रसंगावरून आंत जाण्याची किंमतही कळते. आंत जावयाचें म्हणजे संहिता मुक्त परवान्याखालीं द्यावयाची, दहा जाणत्यांची टीका सोसावयाची, त्यांच्या वळणानें ती पुन्हां लिहावयाची, आणि पुढें तिच्यावर आपला एकट्याचा अधिकार राहणार नाहीं हें मान्य करावयाचें. ज्या कंपनीला तेंच सॉफ्टवेअर विंडोजवर, मॅकवर आणि लिनक्सवर एकाच संहितेंतून चालवावयाचें आहे, तिला हें सोयीचें नसतें. ती बाहेर राहते आणि दर दोनअडीच महिन्यांनीं खुंटी पुन्हां ठोकते. दोन्ही मार्ग प्रामाणिक आहेत. फक्त दोहोंचा भार वेगवेगळ्या खांद्यांवर पडतो. पहिल्यांत श्रम एकदां आणि अधिकाराचा त्याग कायमचा. दुसऱ्यांत अधिकार कायमचा आणि श्रमही कायमचे.

आतां आपल्यासारख्या गृहस्थांनीं काय करावें? बहुतेक लिनक्स वितरणें नवें कर्नेल बसवितांना आदलें काढून टाकीत नाहींत. संगणक सुरू होतांना जी निवडीची यादी मिळते तींत जुनी आवृत्ति निवडली कीं आभासी यंत्र बहुधा पूर्ववत् उघडतें. मींही त्या दिवशीं विद्यार्थ्याच्या सांगण्यावरून तेंच केलें, आणि पांच मिनिटांत स्मरणिका पुन्हां डोळ्यांपुढें आली. मात्र हा मुक्काम चार दिवसांचा असावा, बिऱ्हाड करूं नये. नव्या कर्नेलांत सुरक्षिततेच्या दुरुस्त्या असतात. त्या टाळून वर्षभर जुन्यावर राहणें म्हणजे कडी मोडलेल्या दारानें झोंपणें होय. ज्याचें काम अडून चालणार नाहीं त्यानें दीर्घ मुदतीची कर्नेल मालिका पत्करावी. तींत दुरुस्त्या येतात, पण भिंती क्वचितच हलतात. आभासी यंत्राच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ति आली आहे काय हें आधीं पाहावें आणि मगच कर्नेल बदलावें. आणखी एक अडथळा लक्षांत ठेवावा. अलीकडील संगणकांत सिक्युअर बूट नांवाची जी चौकी असते ती चालू असली, तर सहीशिक्क्यावांचून आलेलें मॉड्यूल सहसा आंत घेतलें जात नाहीं. अशा वेळीं दोष संहितेचा नसतो, सहीचा असतो. आणि अनोळखी ठिकाणची दुरुस्ती विचार केल्यावांचून घेऊं नये. मॉड्यूल सर्वाधिकाराच्या पायरीवर चालतें. त्याला आंत घेणें म्हणजे घराच्या सर्व किल्ल्या देणें आहे.

त्या सकाळीं मला प्रथम राग आला होता, आणि तो कोणावर काढावा हें कळत नव्हतें. आतां कळतें कीं, गाभा बदलणारानें आपलें वचन मोडलें नव्हतें. तें वचन दाराविषयींचें होतें, भिंतींविषयींचें नव्हतें. सॉफ्टवेअर सांभाळणारानेंही हयगय केली नव्हती. तीन आठवड्यांनीं त्याची दुरुस्त आवृत्ति आली, आणि नव्या कर्नेलवर माझें यंत्र सुरळीत चालूं लागलें. चूक असलीच तर माझी. पन्नास वर्षांच्या शाळेचा इतिहास मीं अशा सांध्यावर टांगून ठेवला होता, जो टिकवून ठेवण्यासाठीं दूरदेशच्या कोणा अनोळखी माणसाला दर दोनअडीच महिन्यांनीं जागावें लागतें. आभासी यंत्र ही जुन्या वस्तूंची कोठी नव्हे. तो जुन्या घरांतून नव्या घरांत सामान नेण्याचा पूल आहे. पूल उभा आहे तोंवर सामान नेऊन घ्यावें.

मीं तें पुरें केलें. स्मरणिकेंतील सर्व लेख आतां युनिकोडमध्यें आहेत आणि कोणत्याही संगणकावर वाचतां येतात. ज्यांच्या घरीं अशा जुन्या फाइली असतील त्यांनीं आपलें यंत्र चालत आहे तोंवरच हें काम हातीं घ्यावें, एवढेंच सांगून आपली रजा घेतों.